दारापेक्षा मोठा रांजण

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी सहा वाजता आम्ही अबू धाबीच्या खलिफा सिटीतून निघालो. गाडीत तीन स्वेटर, एक शाल, बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा आणि सकाळीसकाळी झालेलं भांडण, एवढं सामान होतं.

भांडणाचं कारण साधं होतं. माझा नवरा श्रीकांत सिव्हिल इंजिनिअर. नोकरी रुवैसला, म्हणजे घरापासून अडीच तासांवर. आठवडाभर तिकडे राहतो आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी येतो. आल्या आल्या त्याने जाहीर केलं, की उद्या आपण रास अल खैमाच्या डोंगरात चाललोय. ऑफिसातल्या हमदने बोलावलंय. हमद इथलाच, एमिराती. डोंगरात त्याच्या वडिलांचं जुनं दगडी घर आहे, ते पाडून तिथे त्याला इस्तराहा (सुट्टीत येऊन राहायचं घर) बांधायचाय, स्विमिंग पूल वगैरे. जमीन कशी आहे, ते श्रीकांतने एकदा बघून द्यायचं.

"पाच दिवसांनी घरी येतोस आणि सहाव्या दिवशी आम्हाला दगड बघायला नेतोस?" मी म्हटलं.

"अगं, बाहेर पडू जरा. बावीस वर्षं झाली या देशात, आपण मॉल सोडून काय बघितलंय?"

"आणि बघून करायचंय काय? दोन वर्षांनी तुझं कॉन्ट्रॅक्ट संपलं की बॅगा भरून सांगलीला. इथे आपलं आहे काय?"

हे माझं नेहमीचं वाक्य आहे. सोफा बदलायचा असो की भिंतीला खिळा ठोकायचा असो, मी ते म्हणतेच. आमची तेरा वर्षांची मुक्ता तर माझ्याआधीच ते पूर्ण करते. मागच्या सीटवरून ती म्हणाली, "आई, इट्स सिक्स ए.एम. प्लीज."

दुबईला वळसा घालून पुढे गेल्यावर एका पेट्रोल पंपावर कॉफी घेतली. बावीस दिरहॅम, म्हणजे पाचशेच्या वर रुपये. हे मी मोठ्याने बोलले आणि मग ती कॉफी कोणालाच गोड लागली नाही. रास अल खैमा जवळ आलं, तशी डावीउजवीकडची वाळू संपली आणि समोर डोंगर उभे राहिले. करडे, उघडेबोडके, झाडाचं नाव नाही. नकाशात मी ते पाहिले होते, पण नकाशातला डोंगर आणि काचेसमोर आलेला डोंगर यांत फरक असतो. माझ्या तोंडून "अरे बापरे" एवढंच निघालं.

पायथ्याशी हमदचा व्हिला होता. त्याच्या आईने मला पोटाशी धरलं, गालांना गाल लावले, खजूर आणि गहवा (वेलची घातलेली बिनसाखरेची कॉफी) पुढे केली. गुडघ्यांमुळे ती आता वर जात नाही. मुक्ताचा पातळ टीशर्ट पाहून ती हमदला अरबीत खूप बोलली आणि आतून दोन जाड ब्लँकेटं आणून तिने माझ्या हातात कोंबली. आमची गाडी तिथेच ठेवून आम्ही हमदच्या पिकअपमध्ये बसलो.

पुढचा तासभर मी डोळे मिटून होते. डांबरी रस्ता संपला, मग खडीचा संपला आणि उरलं ते फक्त उतारावर पडलेले धोंडे. हमद एका हाताने स्टिअरिंग फिरवत होता आणि दुसऱ्याने श्रीकांतला डोंगर दाखवत होता. "हबीबी, दोनों हाथ से पकडो ना," असं मी त्याला शेवटी हिंदीत सांगितलंच. तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, इस रास्ते पर मेरी माँ गधे पर गेहूँ लेके आती थी." मी डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

जिथे गाडी थांबली तिथून वीस मिनिटं चढ होता. थंडी अशी, की माझे दात वाजायला लागले. सांगलीच्या नणंदेला मी हे नंतर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "काहीतरीच, दुबईत कसली आलीये थंडी?" तिला काय सांगणार! तिथल्या दगडी टाक्यातल्या पाण्यात मी बोट घातलं, तर ते ठणकायला लागलं.

वर चढून आले आणि थबकलेच. समोरचा सगळा उतार पायऱ्या पायऱ्यांचा होता. दगडाचे बांध, बांधामागे सपाट माती, तिच्यावर पुन्हा बांध, पुन्हा माती. माझं आजोळ कोयनेच्या बाजूचं आहे. डोंगरउतारावर नाचणीसाठी घातलेल्या ताली मी लहानपणी पाहिल्या आहेत, त्यामुळे दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

"श्रीकांत, अरे ही शेतं आहेत!"

"असतील गं."

"असतील काय? शेतं आहेत! या देशात!"

"गेहूँ," मागून आवाज आला. "जौ. प्याज."

हमदचे वडील, अबू हमद. सत्तरी ओलांडलेले, काटकुळे, पांढरी दाढी, अंगात कंदुरा (पायघोळ अंगरखा) आणि त्यावर जुना लष्करी कोट. हातात काठी, पण काठीच्या टोकाला टीचभर कुऱ्हाड. तिला जिर्ज म्हणतात, या डोंगरातल्या प्रत्येक पुरुषाकडे ती असते. तरुणपणी ते सैन्यात ड्रायव्हर होते आणि बरोबरचे निम्मे लोक पठाण आणि बलुची, त्यामुळे हिंदी-उर्दू चांगलीच येत होती. त्यांनी मुक्ताचं नाव विचारलं आणि त्या क्षणापासून माझं नाव 'उम्म मुक्ता' (मुक्ताची आई) झालं. मला ते एकदम घरचं वाटलं. आमच्या गल्लीतही मी मुक्ताची आईच असते.

चटईवर बसून जेवलो. तव्यावरची पातळ रोटी, तूप आणि डोंगरातल्या बोरीच्या झाडाचा मध. ते त्या झाडाला सिद्र म्हणतात, पण फांदीला लागलेली बोरं पाहून मी लगेच ओळखलं. मी लाडवांचा डबा उघडला. अबू हमदांनी एक लाडू हातात धरून फिरवून फिरवून पाहिला, खाल्ला आणि दुसरा घेतला. एवढ्यात एका बकरीने माझ्या शालीचा गोंडा खाऊन टाकला. मी ओरडले, मुक्ता खिदळली आणि अबू हमदांनी बकरीला अरबीत जे सुनावलं, त्याचा अर्थ हमदने सांगितला नाही.

जेवता जेवता म्हातारबाबा हमदच्या जन्माआधीचं सांगत होते, शेतं पिकत होती तेव्हाचं. हिवाळ्यात पाऊस दोनचारदा पडायचा. डोंगरावरून येणारं पाणी बांधांनी अडवायचं, एका शेतातून दुसऱ्यात सोडायचं. त्या ओलीवर गहू पेरायचा. एप्रिलमध्ये कापणी. आणि मग उन्हाळा लागला की सगळं गाव, बायका-मुलं, बकऱ्या, सगळे खाली समुद्राकाठी खजुराच्या बागांत उतरायचे.

"आणि गहू?" मी विचारलं.

"गेहूँ घर में. घर को ताला."

"चार महिने? राखण कोण करायचं?"

"कोई नहीं," ते म्हणाले आणि उठले. "आओ, देखो."

घर म्हणजे दगडांची एक जाड, बसकी रास. निम्मं जमिनीच्या आत. त्याला बैत अल-कुफ्ल म्हणतात (कुलपाचं घर). दार माझ्या कमरेएवढं, त्याला लोखंडी कडी आणि कुलूप, आणि किल्ली माझ्या तळहाताएवढी लांब. वाकून, जवळपास रांगत आत गेलो. आत तीन पायऱ्या खाली उतरायचं. हमदने टॉर्च लावला आणि भिंतीजवळ मला ते दिसलं.

रांजण. खर्स म्हणतात ते. भाजलेल्या मातीचा, लालसर, माझ्या छातीपर्यंत उंच, पोटाशी दोन माणसांनी मिठी मारली तरी हात पोहोचू नयेत एवढा. मी मागे वळून दाराकडे पाहिलं. पुन्हा रांजणाकडे पाहिलं. दारातून हा आत आलाच कसा?

अबू हमद माझ्या चेहऱ्याकडेच बघत होते. "पहले खर्स," ते म्हणाले. "बाद में घर."

आधी रांजण आणून ठेवायचा. मग त्याच्याभोवती भिंती बांधायच्या, वर बाभळीचे वासे टाकायचे, वासे दगडमातीने झाकायचे आणि दार मुद्दाम लहान ठेवायचं. चोर कुलूप तोडेल, आत येईल, मूठ-दोन मूठ गहू नेईल, पण रांजण नेऊ शकणार नाही. हे घर त्यांच्या आजोबांनी बांधलेलं. गावात अशी पुष्कळ होती. बाकीची पडली. रांजण शाबूत असलेलं हे एकच.

आता माझं चुकलं ते इथे. आपल्याकडे कोणाच्या घरी गेलं की आपण काय करतो? "अय्या, किती छान! कुठून घेतलंत? आमच्याकडे असा असता तर!" पडद्यांना म्हणतो, कपबशांना म्हणतो, कुकरलासुद्धा म्हणतो. ती आपली रीत आहे, घरच्या बाईला बरं वाटावं म्हणून. मी रांजणावरून हात फिरवला आणि सवयीने सुरू झाले, "बाबा, कितना सुंदर है! इतना बडा! ऐसा हमारे घर में होता ना, तो मैं रोज देखती बैठती!"

अबू हमदांनी नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. "अला खश्मी," ते म्हणाले (शब्दशः 'माझ्या नाकावर', म्हणजे नक्कीच, आनंदाने). मग रांजणाच्या काठावर हात ठेवून म्हणाले, "हलालिच." (तुझाच झाला.)

मी हसले. "नको नको बाबा, कुछ भी क्या! हम कैसे ले जाएँगे?"

आणि ही दुसरी चूक. आपलं 'नको नको' हे आग्रह करून घ्यायचं 'नको' असतं, तसंच त्यांनाही वाटलं. ते गंभीरपणे मान हलवत बाहेर गेले. मी हमदकडे पाहिलं. टॉर्चच्या उजेडात त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, आपने माँग लिया," तो हळूच म्हणाला.

"मी? मी कधी मागितलं? मी तर तारीफ केली!"

"मेहमान ने तारीफ की, तो देना पडता है. बाबा ने ऐसे ही दो बकरी दिया है, एक खंजर दिया है."

बाहेर ठण्णकन आवाज झाला. आम्ही धडपडत बाहेर आलो, तर अबू हमद हातात पहार घेऊन दाराच्या वरच्या दगडांशी भिडलेले. रांजण दारातून निघत नाही, तर भिंत उतरवायची, साधा हिशोब. एक दगड त्यांनी काढून खाली ठेवलाही होता.

"अगं, हे छप्पर त्याच भिंतीवर आहे," श्रीकांत माझ्या कानाशी म्हणाला. "आणखी चारपाच दगड निघाले तर सगळं खाली बसेल. घर जाईल, रांजण जाईल आणि ते खाली उभे आहेत."

"मग सांग ना त्यांना!"

"मी काय सांगू? बोललीस तू!"

हमद वडिलांशी अरबीत बोलत होता, ते त्याच्याकडे बघतही नव्हते. तो आमच्याकडे आला. "नहीं मत बोलना," तो म्हणाला. "मेहमान ने वापस किया, तो उनकी इज्जत गयी. पूरे पहाड में बात जाएगी."

"अरे पण तुला तरी हे घर पाडायचंच आहे ना?" मी चिडून म्हटलं.

त्याने मान खाली घातली. "मैंने अभी बाबा को नहीं बताया," तो म्हणाला.

पुन्हा ठण्ण झालं. मुक्ता माझा हात घट्ट धरून म्हणाली, "आई, डू समथिंग!" तिचे डोळे भरले होते. आणि मला इतका राग आला, स्वतःच्या जिभेचा, की रडूच फुटायचं बाकी होतं. घेतला तर घर पडतं आणि नाही म्हटलं तर माणूस पडतो. अशा वेळी शिकलेलं काही कामाला येत नाही. मला आठवलं ते आईचं स्वयंपाकघर. शेजारणीची वाटी परत द्यायची, तर आई तिच्यात चिमूटभर साखर तरी घालायचीच.

"बाबा, ठहरो!" मी ओरडले.

पहार थांबली.

"हमारे यहाँ खाली बर्तन नहीं देते. खाली बर्तन घर से नहीं जाता. अपशकुन होता है."

खरं सांगते, रीत भांडं परत देतानाची आहे. ती मी भेट घेतानाही लावली आणि वर आणखी रेटून दिलं, "भरके देना पडेगा. आपके खेत के गेहूँ से. तब मैं ले जाऊँगी."

अबू हमद वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग उताराकडे पाहिलं. पायऱ्या पायऱ्यांची ती सगळी शेतं काट्याकुट्यांनी भरली होती, कितीतरी ठिकाणी बांध ढासळले होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी काय बोलून बसले. ज्या माणसाच्या शेतात हमदच्या जन्मानंतर दाणा पिकला नाही, त्याच्याकडे मी त्याच्याच शेताचा गहू मागितला होता.

"भरके," ते म्हणाले.

"हाँ, बाबा."

त्यांनी खाली ठेवलेला दगड उचलला आणि जागेवर बसवला. तळहाताने दोनदा थोपटला. "इन्शाल्ला," ते म्हणाले आणि पहार घेऊन बकऱ्यांच्या गोठ्याकडे निघून गेले.

परतीच्या वाटेवर श्रीकांत म्हणाला, "वाचलो बुवा. कमाल केलीस." मी गप्प होते. हे माझ्या बाबतीत इतकं दुर्मीळ, की त्याने दोनदा विचारलं, गाडी लागतेय का? दुबई मागे पडल्यावर लक्षात आलं, की लाडवांचा डबा वरच राहिला.

जानेवारीत पाऊस झाला. आमच्याकडे रस्ते तुंबले, मुक्ताच्या शाळेने सुट्टी दिली. चार दिवसांनी हमदचा फोन आला. श्रीकांत रुवैसला होता, फोन मलाच आला होता.

"मॅडम, मेरे बाबा को आपने क्या बोला?" आवाजात सगळा राग.

"क्या हुआ?"

"बारिश होते ही ऊपर चले गये. नीचे आते नहीं. काँटे काट रहे हैं. पत्थर उठा रहे हैं. बॉर्डर के पार ओमान में हमारे चाचा हैं, उनसे बीज मँगवाया है," तो सांगत होता. "रात को खाँसते हैं. फोन का नेटवर्क नहीं. माँ रोती है. मैं बोला, चलो, तो बोले, मेहमान का बर्तन खाली है."

म्हातारा माणूस माझ्या एका थापेपायी थंडीत डोंगरावर दगड उचलत होता. "हमद, सॉरी," मी म्हटलं. तो म्हणाला, "जुमे को मैं जाता हूँ. मैं भी पत्थर उठाता हूँ. क्या करूँ?"

त्यानंतर दर शुक्रवारी हमद रुवैसहून थेट डोंगरात जाऊ लागला. दर रविवारी रात्री मी श्रीकांतला बजावायचे, "उद्या भेटला की आधी त्याच्या बाबांची तब्येत विचार." श्रीकांत सांगायचा, खोकला थांबलाय, एक शेत साफ झालंय, उगवलंय, बकऱ्यांनी कोपरा खाल्ला. इस्तराह्याबद्दल हमद काही बोलायचा का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "नाही. गेला महिनाभर शब्द नाही."

एप्रिलच्या शेवटी निरोप आला. उम्म मुक्ताने यावं.

या वेळी भांडण झालं नाही. मी रात्रभर नीट झोपले नव्हते आणि पेट्रोल पंपावरच्या कॉफीचे रुपये करायचंही विसरले. वर चढताना आता घाम येत होता. उतारावर बाकी सगळं तसंच करडं होतं, पण बरोबर मधलं एक शेत, आपल्या दोन खोल्यांएवढं असेल, साफ, नीट बांधलेलं आणि त्यात कापलेल्या गव्हाची पिवळी खुंटं. मी बांधाजवळ उभी राहिले आणि मला रडू आलं. मुक्ता म्हणाली, "आई, व्हाय आर यू क्राइंग? इट्स जस्ट ग्रास."

अबू हमद आणखी वाळले होते. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती. पण ताठ होते आणि डोळे असे लुकलुकत होते, की माझा अर्धा जीव भांड्यात पडला. त्यांनी किल्ली काढली, दार उघडलं आणि आम्हाला आत नेलं.

"देखो."

श्रीकांतने रांजणात टॉर्च मारला. तळाशी गहू होता. त्याने अर्धा आत वाकून मोजलं. चार बोटं.

"उम्म मुक्ता, मैं भर रहा हूँ," ते म्हणाले. "इंजिनियर, बोलो. कितना साल?"

श्रीकांत बिचारा अशा प्रश्नाला खरंच आकडेमोड करतो. त्याने रांजणाचं पोट न्याहाळलं, पुटपुटला, "तीस-पस्तीस वर्षं. पण पाऊस काही दर वर्षी पडत नाही. साठ धरा."

"साठ!" म्हातारबाबा मोठ्याने हसले. "मैंने भी यही हिसाब किया. और बीच-बीच में हम खाएँगे भी ना!"

सगळे हसलो. मग ते हसायचे थांबले आणि माझ्याकडे वळले. "उस दिन पहला पत्थर निकाला," ते म्हणाले, "तो दिल नहीं मानता था. मेरे दादा का पत्थर. जबान दे दी थी. तुमने रोक दिया. मैं समझ गया था, बेटी."

म्हणजे यांना सगळं कळलं होतं. बर्तनबिर्तन, अपशकुन, सगळी माझी थाप आहे, हे त्यांना त्या क्षणीच कळलं होतं. मी तोंडावर हात ठेवून उभी राहिले.

"फिर गेहूँ क्यों बोया, बाबा?"

त्यांनी उत्तर मला दिलं नाही. हमदकडे बघत दिलं आणि हिंदीतच दिलं, आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून. "ये खर्स अब मेहमान का है. अमानत है. भरने तक यहीं रहेगा. अमानत का घर कोई नहीं तोडता." आणि ती तळहाताएवढी किल्ली त्यांनी हमदच्या हातात ठेवली. "मैं चार उँगली भर सका. बाकी तुम."

हमदने त्यांना पूलबद्दल कधीच सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती, त्यांनी ते केव्हाच ओळखलं होतं. त्याने किल्ली घेतली, वाकून वडिलांच्या नाकाला नाक लावलं आणि झटकन बाहेर गेला. तो बाहेर का गेला, ते आम्हाला कळलं.

म्हातारबाबांनी मग मुक्ताला जवळ बोलावलं. "साठ साल बाद तुम आके ले जाना. कितनी उमर होगी?"

मुक्ताने बोटांवर मोजलं. "सेवंटी थ्री."

"अच्छा. ताकतवाले बेटे लेके आना."

एरवी अशा बोलण्यावर माझ्या मुलीने डोळे फिरवले असते. तिने रांजणाच्या काठावर हात ठेवला, जिथे त्यांनी ठेवला होता तिथेच, आणि म्हणाली, "आऊँगी."

निघताना अबू हमदांनी माझा स्टीलचा डबा आणून दिला. लख्ख घासलेला. हातात घेतला, तर जड. झाकण उघडलं, आत काठोकाठ गहू.

"खाली बर्तन नहीं देते ना?" ते म्हणाले.

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा अंधारलं होतं. श्रीकांत गाडीतून सामान काढत होता, मी डबा ओट्यावर ठेवला आणि बघत उभी राहिले. भाड्याचा व्हिला, भाड्याच्या भिंती, व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की बॅगा भरायच्या. बावीस वर्षं मी रोज हे घोकत आले. आणि आज या देशाच्या एका डोंगरात, कमरेएवढ्या दाराच्या आत, आमच्या नावाचा एक रांजण उभा होता आणि तो भरायला तिथली तीन पिढ्यांची माणसं कामाला लागणार होती.

श्रीकांत आत आला. सोफ्यावर बसला, कुरकुरला, "हा सोफा एकदा बदलायला हवा."

मुक्ता माझ्याकडे बघत होती. माझं नेहमीचं वाक्य माझ्याआधी म्हणायला तिने तोंड उघडलं होतं, ते तिने तसंच मिटलं.

"बदलू," मी म्हटलं आणि गव्हाच्या डब्याला झाकण लावलं.